चढायला घोडा, उतरायला गुडघे



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आम्ही कुटुंबासह भूतानला जाण्याचे ठरवीत आहोत. सासूबाईंचे वय पासष्ट असून गुडघे दुखतात. परंतु कड्यावरचा तो प्रसिद्ध बौद्ध मठ पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. तेथे घोडे मिळतात असे ऐकले आहे. तेव्हा त्यांना नेण्यास हरकत नसावी, असे वाटते. आपण जाऊन आला आहात, तरी कळवावे."

ताई, तुमच्यासारखेच आम्हालाही वाटले होते. म्हणून उत्तर पत्राने न देता या सदरातच देतो. आमच्या हातून जी चूक झाली ती चारचौघांना कळली, तर निदान दुसऱ्या कुणाच्या आईचे गुडघे वाचतील.

२०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या विहारातील महिला मंडळाची भूतानची सहल निघाली होती. दरमहा हजार रुपयांची भिशी अडीच वर्षे चालवून बायकांनी पैसा उभा केला होता. भिशीची वही लिहिण्याचे काम अर्थातच आमच्याकडे. बी.कॉम. झालेला माणूस वस्तीत असला की वर्गणीपासून वर्षावासाच्या खिरीपर्यंत सगळे हिशेब त्याच्याच गळ्यात पडतात. एकूण चौदा जण निघालो. त्यांत सर्वांत वडील आमच्या आई, वय सत्तरीला टेकलेले. सर्वांत लहान कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण, जो प्रवासभर प्रत्येक गोष्टीवर वाद घालत होता. अशी मुले बरोबर असावीत. झोप लागत नाही.

हसीमारा स्टेशनावर उतरून जयगावला गेलो. तेथून पायी सीमा ओलांडली की भूतानचे फुंत्शोलिंग. आपल्याला व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारकार्डावर काम भागत नाही, हे लक्षात ठेवा. आमच्यातल्या एका बाईंनी मतदार ओळखपत्र तांदळाच्या डब्यात ठेवले होते; ते सापडेपर्यंत मंडळाच्या दोन बैठका झाल्या. शिवाय भारतीयांना माणशी दर रात्रीला १२०० रुपये शुल्क भूतान सरकारला भरावे लागते. पाच रात्रींचे सहा हजार. "नुसतं झोपायचे एवढे पैसे?" असे एका मावशींनी विचारले होते. हॉटेलचे वेगळे, हे सांगण्याचे धाडस आम्ही वही पुढे करून केले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या मठाचे नाव पारो ताक्त्सांग. ताक्त्सांग म्हणजे वाघिणीची गुहा. पारोच्या खोऱ्यावर सुमारे ९०० मीटर उंच सरळ कडा उभा आहे आणि त्याच्या छातीवर हा मठ चिकटवल्यासारखा बसलेला आहे. समुद्रसपाटीपासून उंची ३१२० मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर जवळजवळ दुसरी कळसूबाई ठेवावी एवढे. तिथली हवा विरळ असते. मुंबईत एका श्वासाला जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या सुमारे सत्तर टक्केच तिथे मिळतो. म्हणून आल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताक्त्सांगला जाऊ नये. आमच्या वाटाड्याने हा दिवस सहलीच्या अगदी शेवटी ठेवला होता. आधी थिंफू, मग पारो. दोन्ही ठिकाणे दोन हजार मीटरच्या वर आहेत, तिथे तीन-चार रात्री काढल्या की शरीराला सवय होते. ही त्याची शहाणपणाची गोष्ट. आमची शहाणपणाची गोष्ट काय, तर आम्ही आईला मुंबईहून निघतानाच सांगून ठेवले होते, "आई, काळजी करू नको. तुला घोडा आहे."

गाडी जिथे थांबते त्या पायथ्याची उंचीच २६०० मीटरच्या आसपास आहे. सकाळी साडेसातला आम्ही तिथे पोहोचलो. थंडी बोटांत शिरत होती. पाइनच्या झाडांखाली पंधरा-वीस घोडी उभी होती, पाठीवर गोधडीसारखी जाड घडी आणि तिच्यावर लाकडी खोगीर. काठ्या भाड्याने मिळतात, त्या आम्ही सर्वांनी घेतल्या. वाटाडा तिशीतला, गुडघ्यापर्यंतचा घो घातलेला, पायांत उंच मोजे. हिंदी सिनेमे पाहून हिंदी उत्तम बोलत होता. त्याने आईला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "माताजी उतरणार कशा?"

आम्ही म्हणालो, "चढतील तशाच. घोड्यावरून."

तो म्हणाला, "साहेब, घोडा फक्त वर जाताना. उतरताना माणूस बसवत नाहीत. आणि वरसुद्धा मठापर्यंत नाही, अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच."

वाचकहो, अडीच वर्षे आम्ही भिशीचा पैसा न् पैसा मांडला. पण घोडा परत आणतो की नाही, हा एवढा साधा प्रश्न आम्ही कुणाला विचारला नव्हता. कारणही साधे आहे. उतरणीवर स्वार पुढे घसरतो, त्याचा सगळा भार जनावराच्या पुढच्या पायांवर येतो. वाटेत सुटे दगड, मुळे आणि धूळ. घोड्याचा पाय चुकला तर दोघांचाही जीव जाईल. म्हणून माणूस वर सोडून घोडी रिकाम्या पाठीने खाली येतात. ऐकल्यावर पटले. पण पटून उपयोग काय? आई खोगिराकडे बघत उभी होती.

तिला सर्व सांगितले. ती आधी घोड्याला हात लावायलाच तयार नव्हती. "मी न्हाई बसत. त्यालाबी जीव हाय," म्हणाली. आमचा कायद्याचा विद्यार्थी लगेच म्हणाला, आजींचे बरोबर आहे, पहिल्या शीलाचा प्रश्न आहे. आमचे मत थोडे वेगळे पडले. घोडेवाल्याच्या घरची चूल त्या घोडीवर पेटत होती आणि घोडी चांगली पोसलेली दिसत होती. पाठीवर घट्टे, जखमा दिसल्या असत्या तर आम्हीच नको म्हटले असते. तुम्ही जाल तेव्हा खोगीर चढविण्याआधी पाठ बघून घ्या आणि भाडे आधी विचारा. ते बघण्यात कसली लाज बाळगू नये.

शेवटी आईचा निर्णय आईनेच घेतला. वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आई निरक्षर, परंतु ऐकून ऐकून अर्धा ग्रंथ तिच्या तोंडी आहे. ती म्हणाली, "कंथकबी अर्ध्यातूनच माघारी गेला की. सिद्धार्थाला फुडं पायीच जावं लागलं." आणि काठी सुनेच्या हातात देऊन ती दगडी चौथऱ्यावर चढली. घोडेवाल्याने लगाम धरला, दोघींनी मागून आधार दिला, आणि नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरून, वर सुनेचा स्वेटर घालून आमची आई घोड्यावर बसली.

बसणाऱ्यांसाठी चार गोष्टी, घोडेवाल्याने खुणेने शिकविलेल्या. खोगिराच्या पुढच्या लाकडाला दोन्ही हातांनी धरायचे. चढ आला की अंग पुढे झुकवायचे. पाय रिकिबीत पूर्ण घुसवायचे नाहीत. आणि खाली बघायचे नाही, कारण ही जनावरे वाटेच्या नेमक्या दरीकडच्या कडेने चालतात. त्यांना तिथून किती वेळा जावे-यावे लागते, त्यांना भीती नाही. भीती बसणाऱ्याला आणि बसणाऱ्याच्या मुलाला. पायी चालणाऱ्यांसाठी नियम असा, की मागून घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरकून, पाठ कड्याला लावून उभे राहायचे आणि घोड्याला वाट द्यायची. दरीकडे कधीही उभे राहू नये. घोड्याचा धक्का लागला तर धरायला काही नाही.

पहिल्याच वळणावर आई दिसेनाशी झाली. नुसती घंटा ऐकू येत होती.

आम्ही मागून पायी. वाट पाइन आणि ओकच्या रानातून जाते. फांद्यांवरून दाढीसारखे हिरवट शेवाळ लोंबत असते. ओढ्याच्या पाण्यावर आपोआप फिरणारी प्रार्थनाचक्रे आहेत, झाडांतून रंगीत पताका ओढलेल्या आहेत. हे सगळे सावकाश पाहण्यासारखे आहे, आणि सावकाश पाहावेच लागते, कारण वीस पावलांवर छाती भरून येते. चाळीचे जिने दिवसातून चार वेळा चढणारे आम्ही, एका दगडावर बसून राहिलो. वाटाडा म्हणाला, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने चाला, पाणी घोट-घोट प्या. डोके दुखू लागले, मळमळले, तर वर जायचे नाही, खाली उतरायचे. आमच्यातल्या एका भगिनींचे डोके खरेच दुखू लागले. त्या मुकाट्याने परत फिरल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे यजमानही. हौसेपायी माणसाने आजार लपवू नये.

कॅफेटेरियाला पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. आई तिथे कधीच पोहोचली होती. बाकावर बसून तिने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली होती. घोडेवाला तिच्या शेजारी बसून जेवत होता. तो झोंखा बोलत होता, आई मराठवाड्याचे बोलत होती, आणि दोघांचे व्यवस्थित चालले होते. एक दशमी घोडीला गेली होती. तेवढ्यात खालून हाक आली आणि तो उठला, आईपुढे दोन्ही हात जोडून "कादिंचे ला" म्हणाला, आणि घोडीला घेऊन उतारावरून गेला.

समोर दरीपलीकडे मठ दिसत होता. पांढऱ्या भिंती, सोनेरी छपरे, खाली नुसता कडा. बायका एकमेकींना हाका मारून दाखवीत होत्या. आई कितीतरी वेळ बोलली नाही.

आम्हाला वाटले, आता ती पुढे यायचे म्हणेल. कॅफेटेरियापासून पुढे आणखी चढ आहे. मग मठाच्या समोरच्या बाजूला, जवळजवळ त्याच उंचीवर एक जागा येते. आणि तिथून सातशे-आठशे पायऱ्या. त्यातल्या बऱ्याचशा आधी खाली उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा, मग पुन्हा वर चढायच्या. येताना तेच उलटे. आम्ही मनात ठरवून टाकले होते, की तिने म्हटले तर दोघे मिळून उचलून न्यायचे. चूक आमची, ती आम्हीच निस्तरली पाहिजे, असा आमचा आवेश.

आई म्हणाली, "तुमी जावा. मी हितंच बसते. गुडघे उतरायला ठिवते."

आम्ही खूप आग्रह केला. तो वाईट आग्रह होता, हे आता कळते. आपली चूक झाकण्यासाठी माणूस दुसऱ्याला ओढत नेतो. तिने दुसऱ्यांदा उत्तर दिले नाही. पिशवीतून मेणबत्ती आणि दोन अगरबत्त्या काढून सुनेकडे दिल्या आणि शालीत पाय गुंडाळून मठाकडे तोंड करून बसली. शिल्लक राखून खर्च करावा हे आम्हाला कॉलेजात तीन वर्षे शिकवले. ती शाळेत गेलेली नाही.

पत्नी तिच्याजवळ थांबली आणि आम्ही पुढे गेलो. मठाच्या दाराशी फोन, कॅमेरे, पिशव्या सर्व ठेवून घेतात. टोपी काढावी लागते, अंगभर कपडे लागतात. दुपारी जेवणाच्या वेळेत मठ बंद असतो, तेव्हा सकाळी लवकर निघणे बरे. आत फोटो नाही हे एका अर्थी चांगले. सगळ्यांचे हात मोकळे असतात आणि डोळे उघडे.

वाटाड्याने कथा सांगितली, की आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीच्या पाठीवर बसून तिबेटकडून उडत इथे आले आणि या गुहेत ध्यानाला बसले. भूतानी लोक त्यांना दुसरे बुद्धच मानतात. झाले! आमच्या विद्यार्थ्याने विचारले, वाघीण उडते का? वाटाडा शांतपणे म्हणाला, आम्ही लहानपणापासून असेच ऐकले आहे. वाद वाढण्याआधी आम्ही मध्ये पडलो. आपण १९५६ साली बाबासाहेबांबरोबर जो धम्म घेतला त्याला चमत्कारांची गरज नाही, हे खरे. आपल्या विहारात कुणी उडणारी वाघीण आणली तर आम्हीही त्या मुलाच्या बाजूनेच उभे राहू. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर त्याच्या आजीच्या गोष्टीला आपण खोटे म्हणत नाही. ज्याच्याबद्दल वाद नाही अशाही गोष्टी तिथे आहेत. १६९२ साली तेन्झिन रब्ग्ये यांनी या कड्यावर मठाचे बांधकाम करविले. १९ एप्रिल १९९८ रोजी आग लागून मुख्य भाग जळाला, आणि लोकांनी तो पुन्हा उभा केला. २००५ साली काम पुरे झाले. जिथे आम्हाला रिकाम्या हाताने चढताना धाप लागली, तिथे तीनशे वर्षांपूर्वी दगड आणि लाकूड माणसांनी पोहोचवले. आम्ही त्या मुलाला म्हणालो, तुला विचारायचे तर हे विचार, ते कुणाच्या पाठीवरून गेले? तो गप्प बसला नाही, पण वेगळे प्रश्न विचारू लागला.

आत लोण्याचे दिवे जळत होते. एका कोपऱ्यात बसून आमच्या मंडळींनी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटले. एका तरुण भिक्खूने पाली शब्द ओळखले असावेत. तो दारात थांबला आणि संपेपर्यंत हलला नाही. आईची मेणबत्ती कुठे लावावी हे विचारून घेऊन लावली.

परत कॅफेटेरियाला आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. तिथून पायथ्याची उतरण एरवी तासाभराची आहे. आम्हाला अडीच तास लागले. उतरताना आधार देणाऱ्याने नेहमी एक पाऊल खाली, दरीच्या बाजूला राहावे आणि म्हाताऱ्या माणसाने काठी आधी टेकवून मग पाय टाकावा. तिरपे उतरावे, सरळ नाही. दर शंभर पावलांनी बसावे. हे सर्व आम्ही त्या दिवशी शिकलो, तुम्ही घरी शिकून जा. आधी जिन्यावर महिनाभर उतरण्याचा सराव करावा. चढण्याचा सगळेच करतात.

अर्ध्या वाटेवर तिचे पाय थरथरू लागले. दगडावर बसवले. विरंगुळा म्हणून आम्ही विचारले, घोड्यावर भीती वाटली का? तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली, जी सेहेचाळीस वर्षांत आम्ही ऐकलेली नव्हती.

आईचे लग्न १९७२ सालचे, दुष्काळातले. वडील तेव्हा मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. हातात चार पैसे आलेले, डोक्यात बाबासाहेबांचे विचार. त्यांनी तालुक्याहून वरातीला घोडा सांगितला होता. घोडा आला. तो गावाच्या वेशीबाहेर लिंबाखाली बांधला आणि गावातून निरोप आला, की घोडा आहे तिथेच राहील. वऱ्हाडात बायकापोरे होती, भांडायची सोय नव्हती. नवरदेव पायी आला, देवळापुढून जाताना चपला हातात घेऊन. आई म्हणाली, "घोड्याचं भाडं मातर पुरं द्यावं लागलं." वडिलांनी आम्हाला हे कधी सांगितले नाही. ते जाऊन आता अकरा वर्षे झाली.

जुने दिवस गेले असे म्हणायला आमची जीभ वळत नाही. २०१८ साली गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो आणि घोड्यावर बसतो हे खुपत होते म्हणून, अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका नवरदेवाला वरातीसाठी उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि मग पोलिस बंदोबस्तात ती वरात निघाली.

पाच वाजून गेल्यावर आम्ही पायथ्याशी पोहोचलो. तेव्हा ऊन कड्यावरच राहिले होते, खाली सावली. आईने ती घोडी कुठे दिसते का म्हणून पाहिले. घोडेवाले घरी गेले होते.

तर ताई, तुमच्या सासूबाईंना अवश्य न्या. पण घोडा विचारण्याआधी त्यांना विचारा, की त्या तास-दोन तास उतरू शकतील का. उतरू शकत असतील तर घोड्याने कॅफेटेरियापर्यंत जाऊ द्या आणि पुढचे त्यांच्यावर सोडा. उतरणे जमणार नसेल तर पारोच्या खोऱ्यातून, गाडीच्या रस्त्यावरूनही मठ वर कड्याला दिसतो. खोऱ्यातच कीचू ल्हाखांग नावाचा फार जुना मठ आहे, त्याला चढ नाही. तिथे बसावे.

त्या रात्री पारोच्या हॉटेलात आईच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता आम्ही गावाकडे मामांना फोन लावून दिला. आम्हाला वाटले, ती मठाचे सांगेल, दिव्यांचे सांगेल. ती म्हणाली, "दादा, मी घोड्यावर बसले व्हते."

पलीकडून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुनी काही म्हनलं न्हाई?"

"कोन म्हननार?" आई म्हणाली. "समदे बाजूला सरकून वाट देत व्हते."